‘हाव’ची वही

प्रकल्पाचं नाव : डोकं जागेवर आणणे
जागा : दारव्हा तालुक्यातलं एक गाव, जिल्हा यवतमाळ. दहा बाय बाराची खोली, एक कॉम्प्युटर, दीड प्रिंटर (एकाचा फक्त स्कॅनर चालतो)
कालावधी : घटस्थापनेपासून, जमेल तोवर
साहित्य : दोनशे पानी वही, पेन
खर्च : ६० रुपये

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार

परवा शनिवारी दारव्ह्याला गेलो होतो. चिठ्ठी वगैरे काही नाही, सगळं डोक्यात. ए-फोरचे दोन रिम घेतले. शेजारच्या काकांचा चष्मा दुरुस्त करून आणला. एकाची मोटर भरायला टाकली, दुसऱ्याची भरलेली आणली. मास्तरांच्या पोरीचे फोटो आणले, पऱ्हाटीवर मारायचं औषध आणलं. सातला घरी पोचलो. आईनं विचारलं, "गोळ्या?"

शुगरच्या गोळ्या. मुळात गेलो होतो त्याच आणायला.

"जाऊ दे बाप्पा, उद्या घेजो," एवढंच म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. चिडली असती तर बरं वाटलं असतं. मी गोठ्यात गेलो आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. खिशात फोन वाजत होता. अकरा मिस्ड कॉल, आणि त्यातल्या नऊ जणांना मी ‘करून देतो’ म्हटलेलं होतं.

गावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, ई-पीक पाहणी, फार्मर आयडी, रेल्वेचं तिकीट, झेरॉक्स. शिवाय चार एकर. दोनात कपाशी, मधे तुरीची ओळ, दोनात सोयाबीन. शिवाय आई, दोन पोरं, बायको. यातलं एकही काम अवघड नाही, हे मला पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं. अवघड काम एकच असतं आणि ते दिसतं. ही सगळी सोपी कामं आहेत आणि सगळी एकदम डोक्यावर बसली आहेत.

दुसऱ्याच्या फाइली करतो, तशी आता माझीच एक करून पाहायची.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पहिलं काम मोजणीचं. आमच्याकडे ‘हो’ला ‘हाव’ म्हणतात. पुण्याकडचा माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा दचकतो, कारण तिकडे हाव म्हणजे लोभ. आज दिवसभर ज्याला ज्याला हाव म्हटलं त्याची वहीत एकेक रेघ मारली. सकाळी सहा ते रात्री दहा : ५४ रेघा. त्यातल्या किती कामांचा वार ठरवला? सहा.

बाकीच्या ४८ जणांना वाटतं काम सुरू झालं. मला वाटतं ते अजून डोक्यात आहे. दोघांचंही खरं आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

रात्री जेवणं झाल्यावर डोक्यात असेल ते सगळं कागदावर उतरवलं. पंप दुरुस्ती, पोराची वह्यांची कव्हरं, एका बाईचं आधार-बँक लिंक, मामांना फोन, पत्र्याला गळती, मीटरचं रीडिंग. दोन तास लागले. ७१ नोंदी. लिहून मोकळं वाटेल असा माझा अंदाज होता, पण यादी पाहून छातीत धस्स झालं. झोप एकला.

याच विषयावर वाचत बसलो होतो. बर्लिनमध्ये शिकणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांचा १९२७ सालचा प्रयोग सापडला. लोकांना छोटी छोटी कामं दिली, काही पुरी होऊ दिली, काही मधेच तोडली. नंतर विचारलं तर तोडलेली कामं लोकांना जास्त आठवत होती. मूळ गोष्ट हॉटेलातल्या वेटरची सांगतात : बिल भरलं जाईपर्यंत त्याला सगळ्यांची ऑर्डर पाठ. दारव्ह्याच्या स्टँडवरचा पोहेवाला अगदी असाच आहे. कोणी तर्री दोनदा घेतली, कोणी आलूबोंडा खाल्ला, सगळं तोंडपाठ. पैसे दिले की त्याला तुमचं तोंडही आठवत नाही. आपल्याकडे ७१ गिऱ्हाइकं जेवून बसली आहेत आणि बिल एकाचंही झालेलं नाही.

पुढचं जास्त कामाचं निघालं. २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोघांनी दाखवलं की डोक्यातली टोचणी थांबायला काम पुरंच व्हायला पाहिजे असं नाही. ते कधी, कुठे, कसं करणार एवढं नेमकं ठरलं तरी ती कमी होते. म्हणजे माझी यादी अर्धीच होती. ‘पत्र्याला गळती’ ही नोंद झाली. ‘रविवारी सकाळी शिडी शेजाऱ्याकडून, डांबर दुकानातून’ हा ठराव झाला.

२८ सप्टेंबर, रविवार

पत्र्याचा ठराव पावसानंच मोडला. चार दिवस थांबायचं नाव नाही. सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी, खालच्या शेंगांना कोंब. बांधावर जाऊन उभं राहणं हे काही काम नाही, पण आज सकाळचे दोन तास तेच केलं.

घरी येऊन ७१ नोंदींसमोर खुणा केल्या. माझं आणि आत्ताचं : फुली. माझं पण नंतरचं : गोल. माझं नाहीच : आडवी रेघ. आडव्या रेघा १९ निघाल्या. भाच्याचं कॉलेज बदलायचं की नाही हे मी कशाला डोक्यात घेऊन बसलो? दोन भावांच्या धुऱ्याच्या (बांधाच्या) भांडणात मी फक्त नकाशाची प्रिंट दिली होती. त्यांची कटुता माझ्याकडे कशी आली?

पाऊस कुठल्याच खुणेत बसेना. त्याच्यासमोर काही केलं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

पावती पुस्तक सुरू. नाव, काम, कोणत्या वारी मिळेल. अर्धा कागद त्यांच्याकडे, अर्धा माझ्याकडे. फोनवर आलेलं कामही पुस्तकात चढल्याशिवाय काम नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पावती पुस्तक आपटलं. दसऱ्याचं सोनं वाटायला आलेले लोक सोन्यासोबत कागदही देऊन गेले. पाया पडणाऱ्या माणसाला पावती कशी फाडणार? गावातले एक बडे आले, "आमालेही नंबर लावा लागते काय?" म्हणाले, आणि मी हसून हाव म्हणालो. ते गेल्यावर बाकावरचे चौघं माझ्याकडे नुसते बघत होते. मग त्यांचंही तसंच केलं. रात्री साडेअकरापर्यंत बसलो.

६ ऑक्टोबर, सोमवार

फोनवर कामं लक्षात ठेवायचं ॲप टाकलं. दर पंधरा मिनिटांनी टुंग. आधी माणसं मागे लागली होती, आता यंत्रही. दुपारी काढून टाकलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

आईला घेऊन उपकेंद्रात गेलो. तिथल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ताईंनी आईची शुगर पाहिली आणि म्हणाल्या, "दादा, बसा, तुमचाही बीपी पाहू." १४६/९४. १४०/९० च्या वर म्हणजे जास्त. पण एकदा पाहून ठरवायचं नसतं, आठवड्यानं परत या म्हणाल्या. चहा किती विचारलं. आठ. झोप किती विचारलं. खोटं सांगितलं.

मग फॉर्ममधले दोन प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही असं किती वेळा झालं? उदास, निराश वाटलं असं किती वेळा? उत्तराला शून्य ते तीन गुण. माझे मिळून दोन आले. "हे थकवा आणि ताणाचं दिसतं," त्या म्हणाल्या, "पण वाढलं तर लपवू नका." भिंतीवरच्या कागदावर बोट ठेवलं : टेलीमानस, मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मी नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला, गिऱ्हाइकांसाठी म्हणून.

श्वासाचंही सांगितलं. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. सोडायचा श्वास लांबवला की धडधड खाली येते. सकाळी अंथरुणात करून पाहिलं, तीनपर्यंत मोजलं आणि डोक्यात फार्मर आयडी आला. आता स्क्रीनवर लोडिंगचं चक्र फिरत असतं तेव्हा करतो. तिथे पाच मिनिटं कधीच कमी पडत नाहीत.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आजची नोंद लांब होणार.

बायांच्या एका योजनेचं ई-केवायसी चालू आहे. बाईच्या आधारवर ओटीपी येतो, तो टाकला की नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी. शेजारच्या वस्तीतली एक ताई आहे, पंचेचाळीसच्या आसपासची. नवरा सात वर्षांपूर्वी गेला, वडील त्याच्याही आधी. ओटीपी कोणाचा घ्यायचा?

पहिल्यांदा आली तेव्हा मी म्हणालो, "हाव ताई, पाहतो काही होते काय." दुसऱ्यांदा आली तेव्हा सर्व्हर बंद होता, म्हणालो, "उद्या पाहू." आज तिसऱ्यांदा आली. पिशवीतून प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळलेला नवऱ्याचा मृत्यूचा दाखला काढला आणि टेबलावर हातानं सपाट केला. घडीवर फाटू नये म्हणून मागून चिकटपट्टी लावलेली. मी पुन्हा साइट उघडली, पुन्हा तोच चौकोन. मग पहिल्यांदाच सरळ बोललो, "ताई, आज हे होत नाही. तुमच्यासारख्या बायांसाठी साइटवर अजून सोयच नाही. माझ्याही हातात नाही."

मला वाटलं रडेल नाहीतर भांडेल. ती शांतपणे दाखला घडी करत म्हणाली, "मंग भाऊ, हे पयल्याच दिवशी काहून नाही सांगतलं? सोंगणी चालू हाय. तीन रोज्या बुडाल्या न माह्या."

तीनशे रुपये रोजी. नऊशे रुपये. माझ्या ‘हाव’ची किंमत, आणि ती भरली तिनं.

इतके दिवस मला वाटत होतं, मी लोकांचं ओझं वाहतो आहे. नाही म्हणायला मला जीवावर येतं, एवढंच होतं ते. दोन मिनिटांची पंचाईत टाळायला मी तिला तीन वेळा अडीच किलोमीटर चालवलं, आणि तिचा चेहरा रोज रात्री उशाशी घेऊन झोपलो, तो वेगळाच.

तिचा नंबर घेतला. वहीत पान ४१ च्या माथ्यावर लिहिलं : ‘सोय निघाली की मी फोन करायचा. तोवर तिनं यायचं नाही.’ तिलाही तसंच सांगितलं. "नक्की करजो," म्हणाली. चहा पाजला, नऊशे रुपये द्यायचा विचार आला होता, धीर झाला नाही. तिनं घेतलेही नसते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पावती पुस्तक पुन्हा काढलं, पण त्यात एक रकाना वाढवला : ‘होत नाही’. कागद घेतानाच पाहायचं. होत नसेल तर कारण लिहून कागद परत. आज सात परत केले. दोघं चिडले, एकानं दुसऱ्या गावच्या केंद्रात जातो म्हणून सांगितलं, चौघांनी "बरं झालं सांगतलं" म्हणून कागद पिशवीत टाकले.

बीपी १३८/८८. चहा पाच.

दिवाळी

नोंदी नाहीत. किराणा, फराळ, बहीण, बहिणीची पोरं, गोठ्याला चुना. सोयाबीन जेवढं निघालं तेवढं निघालं, त्याचा आकडा लिहीत नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

बायकोनं वही वाचली. मी लपवली नव्हती, पण दाखवलीही नव्हती. शेवटच्या पानापर्यंत वाचून म्हणाली, "छान लिहिलं. माझी वही कोण लिहीन?"

मी म्हणालो, सांग, लिहितो. ती पोळ्या लाटत सांगत गेली, मी लिहीत गेलो. नळ एक दिवस आड, पहाटे साडेपाचला, चाळीस मिनिटं. आईच्या गोळ्या जेवणाआधीच्या वेगळ्या, नंतरच्या वेगळ्या. धाकट्याला कपात दूध चालत नाही, पेल्यात लागतं. बचत गटाचा हप्ता पाच तारखेला. वेचणीच्या बायांना आदल्या रात्री सांगावं लागतं. कोणाच्या घरी बाळंतपण, कोणाकडे तेरवी, कुठे काय द्यायचं. ८३ वर मी पेन ठेवला. तिच्या पोळ्या अजून संपल्या नव्हत्या.

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आहे : घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. तिला वाचून दाखवलं. "अठ्ठ्याऐंशी?" म्हणाली आणि माझ्याकडे इतकं बघितलं की मी फोन खाली ठेवला.

अदलाबदल ठरली. नळाचं पाणी आणि आईच्या गोळ्या माझ्याकडे. अकरा ते एक काउंटर तिच्याकडे. बारावी झालेली आहे, माझ्यापेक्षा टायपिंग बरं आहे. हे सहा वर्षांत डोक्यात आलं नाही याचं काय करावं?

३ नोव्हेंबर, सोमवार

एक गिऱ्हाईक आलं होतं, ओळखीचंच. अतिवृष्टीच्या अनुदानाचं केवायसी झालं, अंगठाही तिसऱ्या खेपेला उमटला. उठताना त्यानं बँकेचं पासबुक माझ्यापुढे सरकवलं. "हे तुह्याजवळच राहू दे. पैसे आले तर घरच्यायले देजो."

एवढंच वाक्य. रोज शंभर वाक्यं कानावरून जातात. पण मी पेन ठेवला, शटर अर्धं खाली ओढलं आणि त्याच्या बाजूला बाकावर बसलो. सीएचओ ताई एकदा म्हणाल्या होत्या, असं वाटलं तर सरळ विचारायचं, विचारल्यानं कोणाच्या डोक्यात नवीन काही येत नाही. विचारलं, "जिवाचं काही वाईट करायचं मनात आहे का?" तो बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला आणि मग मान हलवली. होकारार्थी.

त्याच्या भावाला बोलावलं. तो येईपर्यंत पुठ्ठ्यावरचा नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. पंचवीस मिनिटं बोलत होता. बाहेर बायको काउंटरवरच्या लोकांना सांगत होती, आज लाइन नाही, उद्या या. लाइन होती. दुसऱ्या दिवशी ताई आणि भाऊ त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. भाऊ रात्री त्याच्याजवळच झोपतो आहे.

याला वहीत रकाना नाही. त्याला विचारूनच लिहिलं आहे. नाव नको म्हणाला.

१० नोव्हेंबर, सोमवार

दोन आठवड्यांचा हिशेब. काउंटरवर बायको माझ्यापेक्षा कडक आहे. "होत नाही" हे शब्द ती असे काढते की समोरचा आभार मानून जातो. ते बडे परवा आले, नंबर विचारला. "चौथा आहे काका, बसा, पाणी आणते." बसले.

मी पाण्यात सपशेल नापास. दोनदा झोप लागली, नळ गेला. तिसऱ्यांदा टाकी भरून वाहिली आणि शेजारणीनं आवाज दिला. आता गजर दोन.

आईच्या गोळ्या मात्र एकदाही चुकल्या नाहीत. खोक्यावर सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवलं आहे. आई खोक्याकडे पाहत म्हणते, "मले वाचता येते, बाप्पा."

हावच्या रेघा आज २२. वार ठरलेली कामं १७. बीपी १३४/८६. कापसाला लांब धाग्याचा हमीभाव ८,११० आहे, पण ऑनलाइन नोंदणी पाहिजे, त्यामुळे गर्दी वाढलीच आहे. रात्री नऊनंतर फोन गोठ्यातल्या खुंटीला लटकवतो. पहिले दोन दिवस बैलच दचकत होते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

त्या केवायसीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. आणि ज्यांचे नवरा-वडील नाहीत त्यांच्यासाठी सोय निघाली : बाईनं स्वतःचं केवायसी करायचं आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत जमा करायची.

पान ४१ उघडलं. फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुपारी तिचाच आला, मागे बायांचा आवाज, वाऱ्याचा आवाज. कापूस वेचत होती. वेचाई किलोवर असते, म्हणून लवकर सांगितलं : काय आणायचं, किती वेळ लागेल, दाखल्याची झेरॉक्स मी काढून ठेवतो.

"मंग आज येऊ काय?"

"आज नको. परवा शुक्रवारी लाइन दिवसभर आहे. साडेआठला या, नऊच्या आत मोकळं करतो. रोजी बुडणार नाही."

"पाय बरं भाऊ."

"लिहून घेतलं आहे ताई."

तिनं फोन न ठेवताच कोणाला तरी ओरडून सांगितलं, शुक्रवारी मी उशिरा येतो, माही ओळ ठेवजा.